अंगावरचे वळ आणि मनावरचे वळ

वर्षावासाच्या काळात आमच्या विहारात दर रविवारी सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचनानंतर अर्धा तास चर्चा असते. एका रविवारी अंगुलिमालाच्या दीक्षेचा भाग वाचून झाला आणि बोलणे मुलांच्या वळणावर आले. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "हल्लीच्या पोरांना धाक राहिला नाही. आम्हाला बापाने फोकाने फोडून काढले, म्हणून तर शिकलो आणि नोकरीला लागलो." सगळे हसले. आम्हीही हसलो. कारण त्या खोलीत बसलेल्यांपैकी लहानपणी मार न खाल्लेला माणूस क्वचितच असेल.

चर्चा संपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या. पन्नाशीच्या पुढचे एक बंधू मात्र मागे रेंगाळले. चांगले शिकलेले, संसार मार्गी लागलेला, विहाराच्या प्रत्येक कामात पुढे असणारे. ते हळूच म्हणाले, "भाऊ, सगळे हसले, पण मला हसू आले नाही. वडील जाऊन वीस वर्षे झाली. अजून रात्री दाराची कडी वाजली की माझ्या छातीत धस्स होते. साहेबांनी केबिनमध्ये बोलावले की तळहाताला घाम सुटतो. हे कोणाला सांगू?"

स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा आमच्यासमोर हेच वाक्य उभे राहिले. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत खातेवह्या सांभाळणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु या विषयावर जे वाचले, जाणकारांकडून जे समजून घेतले, ते समाजबांधवांसमोर साध्या भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न किती मोठा आहे?

घरातला मार ही घरातली बाब, असे आपण मानत आलो. पालक मुलाला शाळेत घालताना गुरुजींना बजावून सांगत, "पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका." म्हणजे मार कोठे द्यायचा एवढीच चर्चा होती. द्यावा की नाही, ही चर्चाच नव्हती.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांविषयीचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलण्यात आले. दर तीन मुलांपैकी दोघांनी आपल्याला शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले. कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आई किंवा वडीलच होते. शाळेत जाणाऱ्यांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले. म्हणजे हा चार-दोन दुष्ट माणसांचा प्रश्न नाही. हा आपल्या-तुमच्या घराचा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलाला शिस्त लावणे आणि मुलाला मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नाही' म्हणणे, चूक दाखवणे, ठरलेल्या वेळी अभ्यासाला बसवणे ही शिस्त झाली. पट्ट्याने, फोकाने, चुलीतल्या लाकडाने झोडपणे, कोंबडा करून तासभर ठेवणे, उन्हात उभे करणे, डोके भिंतीवर आपटणे ही मारहाण झाली. पहिलीत मुलाला काय करावे ते कळते. दुसरीत फक्त भीती कळते. आणि मार जितका वारंवार, जितका कठोर आणि जितका बेभरवशाचा, तितका त्याचा परिणाम खोल जातो.

मनात नेमके काय घडते?

संकट आले की शरीर स्वतःहून सावध होते. हृदय जोरात धडधडते, श्वास वाढतो, अंग ताठ होते. मेंदूतील एक भाग धोक्याची घंटा वाजवतो आणि रक्तात ताणाची संप्रेरके सोडली जातात. समोर साप आला तर हीच यंत्रणा आपला जीव वाचवते. साप निघून गेला की घंटा थांबते आणि शरीर पूर्वपदावर येते.

आता अशा मुलाची कल्पना करा, ज्याच्यासाठी संकट घरातच राहते. संध्याकाळी बाप कोणत्या मनःस्थितीत येईल, हे त्याला ठाऊक नसते. सायकल लावल्याच्या आवाजावरून, चपला काढण्याच्या पद्धतीवरून ते मूल अंदाज बांधत असते. त्याच्या मेंदूतील घंटा कधी पुरती थांबतच नाही. वाढीच्या वयात मेंदू ज्या परिस्थितीत राहतो, तिला साजेसा घडतो. लहानपणी दीर्घकाळ छळ सोसलेल्या प्रौढांच्या मेंदूची चित्रे तज्ज्ञांनी तपासली, तेव्हा भीती ओळखणारा भाग अधिक संवेदनशील झालेला, तर स्मरणाशी व भावनांना आवर घालण्याशी संबंधित भागांत फरक पडलेला अनेक अभ्यासांत आढळला.

याहून वाईट गोष्ट म्हणजे, ज्याच्या कुशीत धावत जायचे तोच मारतो. मूल बापाला वाईट ठरवू शकत नाही, कारण त्याचे जगणे बापावर अवलंबून असते. म्हणून ते स्वतःलाच वाईट ठरवते. "मी वाईट आहे म्हणून मला मार पडतो" ही समजूत मनात घर करते. पुढे मूल मोठे होते, कमावते होते, पण ती समजूत मात्र लहानच राहते आणि आतून बोलत राहते.

संशोधन काय सांगते?

१९६२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलांची मोडलेली हाडे हा नेहमी अपघात नसतो, त्यामागे घरातील मारहाण असू शकते, हे त्यांनी डॉक्टरांना बजावले. तेव्हापासून वैद्यकशास्त्र या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहू लागले.

१९९८ साली फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतील सॅन दिएगो येथील ९,५०८ प्रौढांना बालपणातील सात प्रकारच्या वाईट अनुभवांबद्दल विचारले होते. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरातील दारू, घरातील मानसिक आजार आणि घरातील व्यक्ती तुरुंगात जाणे, असे ते प्रकार. यांपैकी चार किंवा अधिक प्रकार ज्यांनी सोसले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण काहीही न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळले. हृदयविकारासारखे शरीराचे आजारही अधिक होते. हे लोक झोपडपट्टीतील नव्हते, बहुतेक मध्यमवर्गीय आणि शिकलेले होते, हे विशेष लक्षात घ्यावे.

२०१२ साली जगभरातील १२४ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. बालपणी शारीरिक मारहाण झालेल्यांत नैराश्याची शक्यता सुमारे दीडपट असल्याचे त्यात दिसून आले. दीडपट हा आकडा लहान वाटेल. पण जो अनुभव दर तीन मुलांपैकी दोघांच्या वाट्याला येतो, त्याच्या बाबतीत दीडपट म्हणजे समाजात किती माणसे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मोठेपणी हे कसे दिसते?

मनावरचे वळ बाहेरून दिसत नाहीत. ते वेगळ्या रूपांत उमटतात.

काही माणसे कायम दचकलेली असतात. मोठा आवाज, अचानक उगारलेला हात, साहेबाची भुवई एवढ्यानेही त्यांचा जीव घाबरा होतो. झोप लागत नाही, लागली तर जुनी स्वप्ने पडतात. काहींना क्षुल्लक कारणावरून अनावर राग येतो आणि राग गेल्यावर स्वतःचीच लाज वाटते. काही माणसे आतून बधिर झालेली असतात. लग्नात नाचत नाहीत, मयताला रडत नाहीत. घरचे म्हणतात, 'त्यांचा स्वभावच तसा.' काहींना काहीही मिळवले तरी आपण कमीच आहोत असे वाटते. बढतीची परीक्षा ते देत नाहीत, सभेत बोलायला उठत नाहीत. आणि काही जण संध्याकाळ झाली की बाटलीकडे वळतात. दारू काही तासांपुरती ती घंटा बंद करते. दुसऱ्या दिवशी घंटा अधिक जोरात वाजते.

आमच्या वस्त्यांत दारूविरुद्ध पुष्कळ बोलले जाते आणि ते बोललेच पाहिजे. बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. परंतु पिणाऱ्याला नुसते धिक्कारून भागत नाही. तो काय विसरण्यासाठी पितो, हेही कोणीतरी विचारले पाहिजे.

"आम्ही मार खाऊनच शिकलो"

हा युक्तिवाद आपल्याकडे फार प्रिय आहे. त्याचे उत्तर आदराने पण स्पष्टपणे दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, आपल्या आई-वडिलांना आम्ही दोष देत नाही. त्यांचे हात दिवसभर दुसऱ्याच्या शेतात, गिरणीत, बंदरावर राबत होते. दिवसभर मुकादमाची, पाटलाची शिवी ऐकून घरी येणाऱ्या बापाचा अपमान कोठेतरी बाहेर पडत होता, आणि त्याच्यापेक्षा दुबळे असे घरात फक्त बायको आणि मूल असे. शाळेत बसणारी छडीही अनेकदा नुसती अभ्यासाची नव्हती, जातीचीही होती. हे समजून घेतले म्हणजे बापाविषयीचा राग निवळतो. पण समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे.

दुसरी गोष्ट, आपण शिकलो ते माराने नव्हे. आईने मणी मोडून भरलेल्या फीमुळे, रात्री कंदिलाखाली केलेल्या अभ्यासामुळे आणि बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेमुळे शिकलो. तोच मार खाऊन चौथीत शाळा सोडून पळालेले आपले वर्गबंधू आज ही गोष्ट सांगायला विहारात नसतात. त्यांचा हिशेब कोणी ठेवला?

तिसरी गोष्ट आमच्या स्वतःच्या घरची आहे. ती लिहिताना संकोच वाटतो, पण दुसऱ्याला उपदेश करून स्वतःचे झाकणे योग्य नाही. आमचा मुलगा चौथीत असताना गणितावरून आम्ही त्याला मारत असू. आम्हाला वाटे, हा धाक आहे. एके दिवशी फळीवरची वही काढण्यासाठी आम्ही सहज हात वर केला, आणि शेजारी बसलेल्या मुलाने दोन्ही हातांनी आपले डोके झाकून घेतले. त्या वेळी आम्ही रागावलेलोही नव्हतो. पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही आमच्या वडिलांसमोर असेच डोके झाकत असू. तो हात खाली घेताना जे कळले, ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. त्या दिवसापासून हात उगारला नाही, आणि काही दिवसांनी मुलाची माफीही मागितली. बाप मुलाची माफी मागतो हे ऐकून घरातील वडीलधाऱ्यांना नवल वाटले. मुलगा मात्र त्या रात्री न बोलावता वही घेऊन शेजारी येऊन बसला.

धम्म काय सांगतो?

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आई-वडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. मुलांना वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या-कला शिकवावी, योग्य विवाह लावून द्यावा आणि योग्य वेळी वारसा सोपवावा. या पाचांत मारण्याचे कर्तव्य कोठेही नाही.

भगवंतांनी राहुलाला खोटे बोलू नये हे कसे शिकवले, हे मज्झिम निकायात आले आहे. पाण्याच्या भांड्यात थोडेसे पाणी ठेवून, मग ते ओतून टाकून, मग भांडे पालथे करून त्यांनी दाखवले की लाज न बाळगता खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व असेच रिते होते. आणि आरशात पाहावे तसे प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहायला सांगितले. लहान वयाच्या मुलाला शिकवण्याची ही रीत पाहा. भांडे, पाणी आणि आरसा. छडी नाही.

विनयाचे नियमही याच दिशेचे आहेत. सतरा जणांच्या गटातील तरुण भिक्खूंना वरिष्ठ भिक्खूंनी मारले आणि ते रडू लागले, या घटनेवरून भिक्खूने रागाने दुसऱ्यास मारणे हा दोष ठरवला गेला. मारण्यासाठी हात उगारणे हाही वेगळा दोष ठरला. अंगुलिमाल सुत्तात तर राजा प्रसेनजित आश्चर्याने कबूल करतो की, ज्याला आम्ही दंडाने आणि शस्त्राने वठणीवर आणू शकलो नाही, त्याला भगवंतांनी दंडाशिवाय आणि शस्त्राशिवाय शांत केले. ज्या प्रकरणाच्या वाचनानंतर आम्ही माराची थोरवी सांगत बसलो होतो, ते प्रकरणच माराच्या विरुद्ध आहे!

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेत बाबासाहेबांनी मातांना सांगितले होते की, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा निर्माण करा, त्यांचा न्यूनगंड काढून टाका. ज्या हाताने न्यूनगंड काढायचा, त्याच हाताने तो मारून मारून भरायचा, हे त्या शिकवणीत बसत नाही.

मग उपाय काय?

प्रथम आशेची गोष्ट. बालपणी मार खाल्लेले प्रत्येक मूल बिघडतेच असे नाही. कॅथी विडम या संशोधक स्त्रीने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात छळ किंवा हेळसांड झालेल्या ९०८ मुलांची तुलना इतर ६६७ मुलांशी केली. छळ झालेल्यांत पुढे गुन्हेगारीकडे वळण्याचे प्रमाण अधिक होते, पण त्यांच्यातही बहुसंख्य त्या वाटेला गेले नाहीत. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. अत्यंत बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम आणि प्रेमळ माणसे झाली. अशा मुलांच्या आयुष्यात आजी, मामा, शिक्षक असे निदान एक तरी माणूस भक्कमपणे पाठीशी उभे होते. ते एक माणूस आपल्यापैकी कोणीही होऊ शकते.

ज्यांनी लहानपणी सोसले आहे, त्यांनी ते एका तरी विश्वासू माणसाजवळ बोलावे. ऐकणाऱ्याने "जाऊ द्या, जुनी गोष्ट" असे म्हणून तोंड बंद करू नये. फक्त ऐकावे. झोप उडणे, सतत भीती, अनावर राग, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे आठवड्यांमागून आठवडे टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने पुष्कळ फरक पडतो. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. साखर वाढली तर आपण तपासणी करतोच ना? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे.

आनापानसती पुष्कळांना उपयोगी पडते. मात्र ज्यांच्या आठवणी फार तीव्र आहेत, त्यांना डोळे मिटून बसल्यावर त्या अधिकच दाटून येऊ शकतात. अशांनी जाणकाराच्या देखरेखीखाली आणि थोड्या थोड्या वेळाने सुरुवात करावी. न जमल्यास स्वतःला दोष देऊ नये.

पालकांनी एवढेच करावे. राग चढला की त्या जागेवरून उठावे, पाणी प्यावे, दारापर्यंत जाऊन यावे. राग उतरल्यावर बोलावे. हात उगारला गेलाच तर नंतर मुलाजवळ चूक कबूल करावी. त्याने बापाचा मान कमी होत नाही.

कायदाही आता मुलांच्या बाजूने आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील मुलाशी क्रूरतेने वागणे हा गुन्हा आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे. स्वीडनने तर १९७९ सालीच घरात मुलांना मारण्यावरही बंदी घातली आणि असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला.

आणि शेवटी आपल्या मंडळासाठी एक सूचना. विहारातील बाल संस्कार वर्गात आणि सायंकाळच्या अभ्यासिकेत कोणीही मुलावर हात उगारणार नाही, असा ठराव मंडळाने करावा. ठरावाला पैसा लागत नाही. वर्षावासातील एक रविवार याच विषयाच्या चर्चेसाठी ठेवावा आणि जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांना त्या दिवशी बोलवावे.

मागे रेंगाळलेले ते बंधू आता दर महिन्याला समुपदेशनासाठी जातात. कडी वाजली की अजूनही दचकतात, पण आता स्वतःशीच म्हणतात, 'शेजारचा आला असेल.' कधी कधी तर हसतातही. या लेखात त्यांच्याविषयी लिहिण्याची परवानगी त्यांनीच दिली. म्हणाले, "लिहा भाऊ. माझ्यासारखे आणखी असतील."

असतील, याची आम्हाला खात्री आहे. त्यांच्यासाठीच हा लेख.

भवतु सब्ब मंगलं.

जय भीम!